काळमेघचं इंग्रजी

टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. डावीकडे श्रावण मेश्रामची सरावाची वही, त्यात एका मराठी साक्षीचं त्यानं केलेलं इंग्रजी. उजवीकडे त्याच साक्षीचं ऑफिसातलं जुनं भाषांतर, सहा वर्षांपूर्वीचं. मी पेन्सिलीनं खुणा करत गेलो. एकवीस ओळींपैकी अकरा ओळी शब्दन्‌शब्द सारख्या निघाल्या. वहीवर लाल शाईनं 'पाहून लिहिलेले' असा शेरा मारला, खाली तारीख घातली आणि शिपायाला सांगून मेश्रामला बोलावणं पाठवलं.

मुंबई राज्य अजून फुटायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोर्टात ट्रान्सलेटर होतो. कोर्ट कोणतं ते सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत.

ट्रान्सलेटरचं काम थोडक्यात सांगतो. आमच्याकडे साक्षी मराठीत होत. खटला अपिलात नागपूरला गेला की साक्षीचे सगळे कागद इंग्रजी करून पाठवावे लागत. मूळ मराठी कागदही सोबत जात, पण ते सहसा कोणी उघडत नसे. वर बसलेला माणूस आमचं इंग्रजी वाचूनच साक्षीदाराला ओळखायचा.

म्हणून भाषांतर एकट्यानं पुरं होत नाही. त्यानंतर कम्पेअर करावं लागतं. दोघं समोरासमोर बसतात. एक जण मूळ मराठी मोठ्यानं वाचतो. दुसरा इंग्रजीवर बोट ठेवून सोबत चालतो. काही सुटलं, काही जास्त झालं, तर तो 'थांबा' म्हणतो. शेवटी कागदाखाली दोघांच्या सह्या, म्हणजे नुसती आद्याक्षरं. आमच्याकडे हे काम मी आणि विश्वनाथ काळमेघ करत होतो. त्याचं भाषांतर मी पडताळायचं, माझं त्यानं. अशी एकोणीस वर्षं गेली.

काळमेघ आश्विनात गेला. सकाळी आंघोळीला पाणी काढताना खाली बसला तो उठला नाही. कचेरीनं अर्धा दिवस सुटी दिली. शोकप्रस्ताव मीच लिहिला. त्याच्या बायकोला तिचा भाऊ अमरावतीला घेऊन गेला. मला सुतक नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोक माझ्याकडे कामाचे कागद घेऊन आले. त्यांचं काही चुकलं नाही. मी काळमेघचा नात्यानं कोणी लागत नव्हतो. लग्न मी केलं नव्हतं, त्यामुळे घरी कोणाला सांगायचाही प्रश्न नव्हता. समोरची खुर्ची तशीच राहिली. मी माझं भाषांतर स्वतःच वाचायचो आणि स्वतःच बोट ठेवायचो. त्याला कम्पेअर म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं.

महिन्याभरानं जज्जसाहेबांनी बोलावलं. ते साताऱ्याकडून बदलून आलेले, बोलायला तुटक.

"उमाळकर, काळमेघांच्या जागेवर माणूस लागेल."

मी हो म्हणालो.

"बाहेरून मिळायचा नाही. कचेरीतलेच दोघं अर्ज करतायत. शिकवा त्यांना. मार्चमध्ये परीक्षा. परीक्षेला कोण लायक, ते तुम्ही लिहून द्यायचं."

ते दोघं म्हणजे श्रावण मेश्राम आणि फुलसिंग राठोड.

राठोड दिग्रसजवळच्या तांड्यावरचा. घरी बंजारांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, शाळेत मराठी आणि वर हे इंग्रजी. कोर्टाची रोकड सांभाळणाऱ्या नाझरच्या हाताखाली त्याची पक्की नोकरी होती. जमलं तर बरं, नाही जमलं तर आहे ते आहे, असा त्याचा हिशेब.

मेश्रामचं तसं नव्हतं. तो नक्कल विभागात टेम्पररी होता. पक्षकारांनी मागितलेल्या कागदांच्या हातानं नकला काढायच्या, हे त्याचं चार वर्षांचं काम. ती जागा मार्चअखेर बंद होणार होती. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता, आणि अर्जावर त्यानं धर्माच्या जागी 'बौद्ध' लिहिलं होतं. जुनी जात लिहिली असती तर वयाची सवलत मिळाली असती. हेडक्लार्कनं त्याला तसं सुचवलंही. मेश्राम म्हणाला, "थे आता आमी नाही." त्यामुळे ही त्याची शेवटची खेप होती. पास झाला तर पक्का ट्रान्सलेटर. नाही तर एप्रिलपासून गावी, आणि पुन्हा सरकारी दारात उभं राहायला वय नाही.

वर्ग रेकॉर्डरूमच्या बाहेरच्या व्हरांड्यात, कोर्ट उठल्यावर तासभर. दोघंही मॅट्रिक. त्या वेळच्या मॅट्रिकचं इंग्रजी म्हणजे पाठ केलेली उत्तरं. वाचायला दिलं की दोघं प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहायला लागत. ओळ संपेपर्यंत ओळीचा अर्थ हरवलेला असे. मी आधी पेन्सिली काढून घेतल्या. परिच्छेद दोनदा वाचायचा, कागद उलटा ठेवायचा आणि काय झालं ते घरी बोलतो तसं सांगायचं. राठोड फार रंगवून सांगे. नागपूरच्या इंग्रजी पेपरातली कुठल्या तरी मंत्र्याच्या दौऱ्याची बातमी त्यानं अशी सांगितली होती की मंत्री तांड्यावर मुलगी पाहायला आला असावा. मेश्राम हसला. मीही काळमेघ गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो असेन.

लिहिण्यात मात्र राठोड अडखळे. त्याची वाक्यं चार-चार शब्दांची. 'ही केम. ही सॅट. ही डिड नॉट टॉक.' मेश्राम दुसऱ्या महिन्यापासूनच पुढे निघाला. वाक्य लांब, नीट, कोर्टात शोभणारं. त्याची वही तपासायला घेतली की मला बरं वाटे. का वाटतं, याचा मी विचार केला नाही.

मग तो सरावाचा पेपर दिला. रेकॉर्डरूममधलं एक निकाली प्रकरण काढलं आणि त्यातली एक मराठी साक्ष दोघांना भाषांतराला दिली. मेश्रामची वही वाचताना वाटलं, हे मी आधी वाचलंय. पेपर-बुक, म्हणजे अपिलासाठी तयार केलेला इंग्रजी गठ्ठा, काढून पाहिलं. भाषांतर काळमेघचं होतं. ओळी त्याच होत्या.

मेश्राम आला. मी वही पुढे सरकवली. त्यानं शेरा वाचला.

"साहेब, मी पाहून नाही लिहिलं."

"अकरा ओळी आहेत मेश्राम. एक-दोन असत्या तर मी बोललो नसतो."

"माह्याकडे रेकॉर्डरूमची चाबी नाही. मी थे बुक पाह्यलंच नाही."

"मग या ओळी आल्या कुठून?"

"मले अशाच येतात," तो म्हणाला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हे इथे लिहून ठेवतो. सर्टिफिकेटचा कोरा कागद माझ्या खणात होता आणि त्यावर काय लिहायचं ते माझ्या मनात तयार झालं होतं.

राठोड दारात उभा होता. आपल्याला बोलावलं नाही याची त्याला कधी अडचण वाटत नसे. तो म्हणाला, "साहेब, हा पाहून लिहिणारा मानूस नाही. पाहून लिहाचं असतं तर मी लिहिलं असतं. माहीच वही पाहा ना, कशी उघडी पडली हाय." मग म्हणाला, "काल झालेली साक्ष द्या त्याले. तिचं इंग्रजी अजून कोनाच्या बापानं केलं नाही."

ते मला पटलं. आदल्या दिवशी कापसाच्या एका जिनिंगमधल्या मजुराची साक्ष झाली होती. दोन माणसांत मारामारी झाली, ती त्यानं पाहिली होती. मी तो कागद आणला. मेश्रामला माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. तीन महिन्यांत तिथे कोणी बसलं नव्हतं. तो पाऊण तास लिहीत होता. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

लिहून झाल्यावर मी मराठी वाचायला घेतलं. मजूर म्हणत होता: "जिनातून सुटलो तवा पुसदची मोटार निघून गेलती." मेश्रामच्या कागदावर होतं: 'इट वॉज लॅम्प-लायटिंग टाइम.' म्हणजे दिवेलागणीची वेळ होती.

पुढे मजूर म्हणाला होता: "मी वरडलो नाही. मले भेव वाटलं. मी भिंतीले टेकून उभा राह्यलो." मेश्रामच्या कागदावर: 'देअरअपॉन आय रेज्ड ॲन अलार्म.' म्हणजे, त्यावर मी आरडाओरडा केला.

मी पुन्हा पाहिलं. वाक्यं काळमेघची होती. तीच वळणं, तेच 'देअरअपॉन'. वाक्य सुरू करण्याआधी घसा खाकरावा तसं काळमेघ ते लिहीत असे. या साक्षीचं भाषांतर काळमेघनं केलेलं असणं शक्य नव्हतं. तो जाऊन तीन महिने झाले होते.

"हे इंग्रजी तुम्ही कुठं शिकलात?" मी विचारलं.

मेश्राम म्हणाला, "काळमेघसाहेबाजवळ."

नकला काढताना काळमेघचीच भाषांतरं त्याच्याकडे येत. चार वर्षं तो तीच वाक्यं हातानं उतरवत होता. एकदा काळमेघनं त्याला एक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणताना पाहिलं. मग मधल्या सुटीत तो नक्कल विभागात जाऊन बसू लागला. खोडलेले, टाकायचे ड्राफ्ट मेश्रामला देऊ लागला. "देल्ले म्हनजे असेच फेकून नाही देल्ले," मेश्राम म्हणाला. "एक-एक वाक्य कसं बसवलं थे सांगत. मी सारे जपून ठेवले हायेत. दोन वह्या भरल्या. मले इंग्रजी म्हनजे थेच येते, साहेब. दुसरं मी कदी वाचलंच नाही."

मधल्या सुटीत काळमेघ चहाला जातो, असं मी समजत होतो. एकोणीस वर्षं समोर बसलेल्या माणसाविषयी हे मला माहीत नव्हतं. राग आला का, आठवत नाही. एवढं आठवतं की मी तो लाल शेरा त्याच्यासमोर खोडला आणि त्याला घरी जायला सांगितलं.

मग एकटा बसलो आणि ते जुनं प्रकरण पुन्हा उघडलं. आधी मी इंग्रजीला इंग्रजी लावून पाहिलं होतं. मूळ मराठी कागद उघडलाच नव्हता. आता उघडला.

मुकुटबनकडचं प्रकरण होतं. जंगलातून सागवान चोरून नेणारी गाडी नाकेदारानं, म्हणजे जंगलखात्याच्या पहारेकऱ्यानं, अडवली. झटापटीत त्याचा हात मोडला. शेतातून परतणाऱ्या एका बाईनं गाडी पाहिली होती. ती साक्षीत म्हणाली होती:

"हाकलनाऱ्याले मी नाही वळखत. त्यानं डोक्यावरून फडकं घेतलं होतं. बैल वळखतो. एक चांद्या, दुसऱ्याचं शिंग मोडेल हाय. थे याचेच बैल. पन बैल उसने बी जातात."

काळमेघच्या इंग्रजीचा अर्थ होता: 'आरोपी माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. गाडी हाकताना मी त्याला पाहिले.' मेश्रामच्या वहीतही तेच. आणि पेपर-बुकच्या पानाखाली दोन आद्याक्षरं. एक त्याचं. दुसरं माझं.

आमच्या भागात पेरणीच्या दिवसांत बैल एकमेकांना देतात. एकाची जोडी दुसऱ्याच्या गाडीला दिसते, त्यात नवल नसतं. बाई तेच सांगत होती. बैल पाहून माणूस ठरवू नका, इतकं स्पष्ट. हे काळमेघला कळत नव्हतं असं नाही. तो त्याच मातीतला. मलाही कळायला हवं होतं. त्यानं मोठ्यानं मराठी वाचलं असेल आणि मी इंग्रजीवर बोट ठेवून ऐकलं असेल. पण साक्षीदार ओळख पटवायला आला की पुढे कुठलं वाक्य येतं, हे दोघांना पाठ होतं. त्याच्या हातानं ते लिहिलं. माझ्या कानानं ते ऐकलं. 'थांबा' कोणी म्हटलं नाही.

पुढचे चार-पाच दिवस मी जुनी पेपर-बुकं काढून पाहत होतो. गायी घरी आल्या, बाया कापूस वेचून परतल्या, शेवटची मोटार गेली, कामगार सुटले. साऱ्या साक्षीदारांच्या साऱ्या संध्याकाळी आमच्याकडे एकाच दिवेलागणीला होत होत्या. बहुतेक ठिकाणी त्यानं काही बिघडलं नसेल. सगळीच भाषांतरं काळमेघची नव्हती. काही माझी होती, आणि त्यांतही काळमेघचीच वाक्यं होती. कोणी कोणाकडून उचललं ते आता कळायला मार्ग नव्हता.

आता मेश्रामला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही. पंधरा दिवस सांगितलं नाही.

त्याचं कारणही लिहितो. मी मेश्रामला जास्तीचे कागद देत होतो आणि त्याचं भाषांतर त्यालाच मोठ्यानं वाचायला लावत होतो. तो वाचे तेव्हा समोर काळमेघ बोलतोय असं वाटे. आवाज वेगळा, पण वाक्य कुठे थांबणार आणि कुठे वळणार ते तेच. काळमेघची दुसरी कुठलीच गोष्ट माझ्यापाशी नव्हती. फोटोसुद्धा नव्हता. आणि मेश्रामला ट्रान्सलेटर करायचं तर नेमकं हेच त्याच्यातून काढून टाकायचं होतं.

शेवटी तोच बोलला. वर्ग संपला, राठोड गेला, तो मात्र वही मिटून उभा राहिला.

"साहेब, माह्यं काही चुकून राह्यलं का?"

"का बरं?"

"तुमी पह्यले लाल शाई करत होते. आता नुसते आयकता. काही सांगूनच नाही राह्यले. परीक्षेले दीड महिना हाय." मग हळू म्हणाला, "तुमाले मले त्याईच्या खुर्चीवर बसू द्याचं नसन तर तसं सांगा. मी गावी जाईन. पन मग मले आशेले कायले लावता?"

मी त्याला खाली बसायला सांगितलं. मजुराचा कागद काढला आणि मराठी वाचलं. "मी वरडलो नाही." मग त्याचं इंग्रजी वाचायला लावलं. त्यानं वाचलं. 'आय रेज्ड ॲन अलार्म.' आपण काय लिहिलंय ते त्याला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. मग मी ती बैलांची साक्ष दाखवली आणि खालची दोन आद्याक्षरंही दाखवली.

त्यानं दोन्ही कागद हातात घेतले. म्हणाला, "त्या बाईनं त बैलाचं सांगतलं होतं."

"हो."

"मानसाले शिक्षा झाली?"

"दोन वर्षं. अपिलात कायम राहिली. दुसरेही साक्षीदार होते."

"दुसरे कोन?"

"जंगलखात्याचे दोघं."

त्यानं दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी जज्जसाहेबांपुढे लेखी टिपण ठेवलं. दोन पानं होती. मेश्रामच्या भाषांतरात जो दोष आहे तो त्याचा नाही, तो या कचेरीतून त्याच्याकडे गेलेला आहे, असं लिहिलं होतं. मुकुटबनच्या प्रकरणाचा क्रमांक दिला होता. काळमेघचं नाव घ्यावं लागलं. त्याच्या आधी माझं घातलं. मेश्रामला दोन महिने जास्त द्यावेत अशी शेवटी विनंती होती.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं, उमाळकर."

"म्हणून माझं नाव वर घातलंय. त्यानं लिहिलं, मी पडताळलं. पडताळणाऱ्याचं काम चूक धरायचं असतं."

"हे वर कळवलं तर तुमच्या सर्व्हिस-बुकात येईल."

"हो साहेब."

"आरोपी कुठं आहे?"

"शिक्षा संपवून गावी गेला असावा."

मग त्यांनी विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "बैल उसने देतात म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे वेगळी रीत आहे." मी सांगितलं. त्यांनी टिपणावर शेरा लिहिला. प्रकरण वर कळवायचं. परीक्षा दोघांचीही मेअखेर, मेश्रामला तोवर नक्कल विभागातच ठेवायचं. परीक्षेचा कागद दुसऱ्या कोर्टातून येईल आणि तो साहेब स्वतः तपासतील. माझं सर्टिफिकेट चालणार नाही.

ते योग्यच होतं.

त्या मुदतीत मी मेश्रामला इंग्रजी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. त्याच्या त्या दोन वह्या मागून घेतल्या आणि माझ्या कपाटात ठेवल्या. कागदावरून भाषांतर बंद केलं. दुपारी परवानगी घेऊन दोघांना कोर्टात मागच्या बाकावर बसवायचं. साक्षीदार काय बोलतो ते ऐकायचं, लिहून घ्यायचं नाही. व्हरांड्यात आल्यावर राठोडनं त्या साक्षीदारासारखं बोलून दाखवायचं, हातवाऱ्यांसकट. मेश्रामनं लगेच इंग्रजीत सांगायचं, वाक्य चार-पाच शब्दांच्या वर गेलं की थांबवायचं. जे मी राठोडचं वैगुण्य समजत होतो तीच आता आमची शिस्त झाली. राठोड म्हणे, "साहेब, याले माह्यासारखं अडानी करून राह्यले तुमी." मेश्राम रडकुंडीला येई. चार वर्षांत कमावलेलं सुरेख इंग्रजी मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं आणि हातात 'ही केम, ही सॅट' ठेवलं होतं. जुनं वाक्य तोंडात आलं की मी टेबलावर बोट आपटायचो. सुरुवातीला दिवसाला वीस-पंचवीस वेळा. मेच्या मध्याला दोन किंवा तीन.

प्रत्येक वेळी ते बोट आपटताना मला काय होई, ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते कळत असावं. एकदा तो 'देअरअपॉन' म्हणाला, स्वतःच थांबला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "राहू द्या साहेब, हे मी काढतो."

परीक्षेचा कागद मारेगावकडच्या एका म्हाताऱ्या कोलाम साक्षीदाराचा आला. मराठी तुटक, मधेच कोलामी शब्द, आणि दोन ठिकाणी कारकुनानं 'साक्षीदार गप्प राहतो' अशी नोंद केलेली. राठोडनं पाऊण कागद लिहिला आणि वेळ संपली. मेश्रामनं पुरा केला.

साहेबांनी मला बोलावून मेश्रामचा कागद दाखवला. "हे इंग्रजी वाईट आहे, उमाळकर."

मी वाचलं. खरंच वाईट होतं. तुकडे-तुकडे, दोन ठिकाणी क्रियापद चुकलेलं. कोलामी शब्द तसाच ठेवून खाली टीप दिली होती: 'हा शब्द मला येत नाही, विचारावा लागेल.' म्हातारा ज्या दोन ठिकाणी गप्प होता, तिथे इंग्रजीतही तो गप्प होता.

"हो साहेब. वाईट आहे. सुधारता येईल."

"आणखी काही?"

"साक्षीदारानं सांगितलं नाही असं यात काही घातलेलं नाही."

त्यांनी कागद आपल्या बाजूला ओढला आणि सही केली. मेश्राम जूनपासून पक्का झाला.

मुकुटबनच्या प्रकरणाचं वरून तीन महिन्यांनी उत्तर आलं. निकाल इतर पुराव्यांवर उभा असल्यानं फेरविचाराचं कारण दिसत नाही, पुढे काळजी घ्यावी. माझ्या सर्व्हिस-बुकात एक ओळ पडली. ती ओळ मला रास्त वाटली. उत्तर रास्त होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. तो निकाल मी अनेकदा वाचलाय. त्यात बाईच्या साक्षीला एकच वाक्य दिलेलं आहे. एकदा त्या माणसाला भेटावं म्हणून मी मोटारीनं वणीपर्यंत गेलो होतो. पुढची मोटार दोन तासांनी होती. तिथे बसून राहिलो आणि परतीच्या गाडीनं आलो.

मेश्रामसोबत मी पुढे अकरा वर्षं कम्पेअर केलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला पानभरात चार वेळा थांबवलं. मी चिडलो. चारही ठिकाणी तो बरोबर होता. त्याच्या वह्या मी त्याला दोन वर्षांनी परत दिल्या. देण्याआधी एकदा दोन्ही वाचल्या.

निवृत्तीनंतर काही वर्षं भाषांतर शिकणाऱ्या मुलांना शिकवलं. त्यांना इंग्रजी भरपूर वाचायला लावलं: पेपर, पुस्तकं, हाती येईल ते. फक्त दोन नियम ठेवले. चांगल्या भाषांतरकाराचं भाषांतर पहिलं वर्षभर कोणालाही दाखवायचं नाही. माझं तर नाहीच. आणि एकाच जोडीनं वर्षाच्या वर एकत्र कम्पेअर करायचं नाही, जोड्या बदलायच्या. मुलांना हे आवडत नसे. त्यांची एकमेकांची सवय झालेली असे. म्हणूनच बदला, असं मी सांगत असे.